टेबलाखालून दिसणारं हृदय

कुत्र्याच्या हृदयाची सोनोग्राफी ज्या टेबलावर करतात, त्याला मधे खाच असते. कुत्र्याला उजव्या कुशीवर निजवतात, छाती नेमकी खाचेवर येईल असं सरकवतात आणि डॉक्टर खालून हात घालून प्रोब लावतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण कुशीवर निजवलं की हृदय स्वतःच्या वजनानं खालच्या बाजूला येतं, छातीच्या भिंतीला टेकतं आणि मधलं फुफ्फुस बाजूला होतं. फुफ्फुसात हवा असते आणि सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेपलीकडे जात नाहीत. त्यामुळे हृदय जिथे भिंतीला टेकलंय, त्या दोन बोटं जागेतूनच त्याला गाठावं लागतं. विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथे असते. हात टेबलाखाली, नजर पडद्यावर, पाय धरायला दोघं जण, आणि कुत्र्याच्या डोक्याशी काळजीनं उभा असलेला मालक.

नंदुरबारच्या मुलाला किंवा मुलीला या टेबलापर्यंत पोहोचायला बरंच लांब जावं लागतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे सहा तालुके. उत्तरेला नर्मदा, मधून तापी, आणि २०११च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांत जवळपास सात आदिवासी. जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे नागपूरच्या ‘माफसू’ची, पशुवैद्यकीय महाविद्यालयं आणि संस्था मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोल्याला. नकाशा उघडला तर नवापूरकराला सगळ्यांत जवळ पडतं ते गुजरातेतलं नवसारीचं महाविद्यालय. म्हणजे इथला विद्यार्थी शिकायला दूर मुलखात जातो आणि इथलं अवघड दुखण्याचं जनावर उपचारासाठी राज्याची हद्द ओलांडून न्यायचा विचार होतो. या दोन्ही गोष्टींच्या मधे उभा असतो शहाद्याचा, तळोद्याचा, धडगावचा एकटा पशुवैद्य. हा लेख त्याच्या हातात काय असावं याविषयी आहे.

*

नंदुरबार-शहाद्यात पॉमेरेनियन म्हणून जे पांढरं, केसाळ कुत्रं घरोघर दिसतं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. आठ-दहा वर्षांचं झालं की यातल्या काहींना खोकला लागतो. मालकाची तक्रार ठरलेली असते: रात्री खोकतो, दिवसा बरा असतो, जिना चढला की थांबतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि दोन ठोक्यांच्या मधे ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो. हा मर्मर. मर्मर एवढं सांगतो की झडपेतून रक्त मागे गळतंय. हृदयानं त्याचा किती भार सोसलाय, आजचा खोकला फुफ्फुसात पाणी साठल्यामुळे आहे की म्हातारपणी श्वासनलिका ढिली पडून दबल्यामुळे, हे मर्मर सांगत नाही. लहान जातींच्या उतारवयातल्या कुत्र्यांत हे दोन्ही आजार एकाच वेळी असणं नेहमीचं आहे. मग अंदाजानं लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. ती लागू पडली तर हृदयाचा आजार होता म्हणायचं, नाही पडली तर खोकल्याचं औषध बदलायचं.

कुत्र्यांना माणसासारखा हार्ट अटॅक क्वचित येतो. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सहसा चरबीनं तुंबत नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं असतं. सगळ्यांत जास्त आढळतो तो मिट्रल झडपेचा झिजरोग. झडपेच्या पातळ पाकळ्या जाड आणि गाठाळ होतात, नीट मिटत नाहीत, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात परत येतं. कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार कुत्र्यांच्या एकूण हृदयरोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हाच असतो. मर्मर ऐकू येऊ लागल्यानंतरही अनेक कुत्री दोन-चार वर्षं मजेत जगतात, काही तर या आजारानं मरतच नाहीत. म्हणूनच मर्मर ऐकला की औषध सुरू, असं चालत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या अभ्यासात ११ देशांतली ३६० कुत्री होती. मर्मर आहे, हृदय मोजण्याइतकं वाढलंय, पण अजून दम लागत नाही, अशी. त्यांतल्या ज्यांना पिमोबेंडन हे औषध दिलं, त्यांच्यात हृदय निकामी होण्याचा दिवस सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे गेला. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार असतात. पण ते मिळतात हृदय वाढलेल्या कुत्र्याला, आणि ते वाढलंय की नाही हे कानाला कळत नाही. एक्स-रेवर त्याचा अंदाज येतो. मणक्याच्या मण्यांशी तुलना करून हृदयाचं माप काढायची पद्धत १९९५पासून रूढ आहे, आणि साडेदहा मण्यांच्या वर माप गेलं की संशय घ्यायचा. तरी खरी खात्री सोनोग्राफीच देते.

मोठ्या कुत्र्यांची गोष्ट याहून कठीण. डॉबरमनच्या हृदयाचा स्नायू पातळ आणि ढिला पडतो, कप्पे पसरतात, आणि कित्येकदा मर्मर नसतोच. पहिलं लक्षण चक्कर येऊन कोसळणं किंवा थेट मृत्यू. म्युनिकच्या पशुवैद्यकांनी २०१० साली युरोपातल्या डॉबरमनांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून अधिक कुत्र्यांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचं दिसलं. फार्महाउसच्या राखणीला हौसेनं आणलेला डॉबरमन पाचव्या-सहाव्या वर्षी अचानक गेला की ‘कुणीतरी विष घातलं’ असं गावात बोललं जातं. ते कधी खरंही असेल. पण कित्येकदा खरा दोषी त्याच्याच छातीत असतो.

*

मुंबईत परळला डॉ. एस. एस. राव मार्गावर जे रुग्णालय आहे, त्याचं कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. मुंबईकरांच्या तोंडी ते ‘बैलघोडा हॉस्पिटल’. १८८६ साली त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या काळी शहर चालत होतं ते बैलांवर आणि घोड्यांवर, म्हणून नावही तसंच पडलं. आज तिथल्या रांगेत कुत्री आणि मांजरी जास्त असतात.

या परळचा हृदयाशी एक जुना संबंध आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बैलघोडा हॉस्पिटलपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं रोपण केलं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. परळचा रुग्ण काही तासच जगला. पण त्या शस्त्रक्रियेमागे वर्षानुवर्षांचा सराव होता आणि तो प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर झाला होता. बाल्टिमोरमध्ये जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया १९४४ साली यशस्वी झाली, तीही व्हिव्हियन थॉमस यांनी आधी कुत्र्यांवर बसवली होती. त्या कुत्र्यांपैकी ॲना नावाच्या कुत्रीचं चित्र जॉन्स हॉपकिन्समध्ये लावलेलं आहे. माणसाच्या हृदयावर आज जे उपचार होतात, त्यांतल्या फार मोठ्या भागाचं देणं आपण कुत्र्याला लागतो. एखाद्या खेड्यातल्या कुत्र्याच्या छातीवर प्रोब ठेवणं म्हणजे चैन, असं कुणी म्हटलं की मला परळचा तो रस्ता आठवतो.

हृदयाच्या सोनोग्राफीचा जन्म मात्र माणसासाठीच झाला. स्वीडनमधल्या लुंड इथले डॉक्टर इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी मिट्रल झडप तपासायची होती. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून एक यंत्र उसनं आणलं. धातूच्या जोडातल्या भेगा शोधायचं ते यंत्र होतं. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी अशाच यंत्रावर धडधडत्या हृदयाची पहिली नोंद घेतली. पडद्यावर चित्र असं काही नव्हतं, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेषा. आज त्याच रेषांना एम-मोड म्हणतात, आणि डॉबरमनच्या हृदयाची ताकद मोजायला विद्यार्थी अजूनही त्या वापरतो.

*

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. अभ्यासक्रमात सोनोग्राफी आहे. अडचण असते ती हाताला मिळणाऱ्या वेळेची. एका तुकडीत साठ-सत्तर विद्यार्थी असले आणि हृदयाचा रोगी टेबलावर आला, तर प्रोब अध्यापकाच्या किंवा एम.व्ही.एससी. करणाऱ्याच्या हातात जाणार हे उघड आहे. दम लागलेल्या कुत्र्याला आडवं निजवून नवख्याला शिकवत बसणं योग्यही नाही. बाकीचे खांद्यांवरून पडदा बघतात. बघून हे येत नाही. त्यात विभागांची वाटणीही आड येते. रेडिओलॉजी शल्यचिकित्सेच्या विभागात, हृदयाचा रोगी औषधवैद्यकशास्त्राच्या विभागात, आणि गाभण तपासायची सोनोग्राफी प्रसूतिशास्त्राकडे. विद्यार्थ्याला एकच यंत्र तीन ठिकाणी, तीन वेगळ्या भाषांत भेटतं.

शिकवण्याची सुरुवात यंत्रापासून करूच नये, असं माझं मत आहे. सुरुवात बोकडाच्या हृदयापासून करावी. खाटिकाकडून आणलेलं एक हृदय हातात घ्यावं, टोक कुठे, बूड कुठे, महाधमनी कुठून निघते हे बोटांनी चाचपावं, आणि मग सुरीनं ते त्याच पातळ्यांवर कापावं ज्या पातळ्यांवर प्रोब ते ‘कापणार’ आहे. पहिला काप खालच्या भागात, डाव्या कप्प्याच्या स्नायूंमधून. पडद्यावर त्या कापाचा आकार अळंबीसारखा दिसतो आणि शिकवणारे त्याला तेच नाव देतात. थोडं वर सरकलं की मिट्रल झडप उघडझाप करताना दिसते. आणखी वर महाधमनीचं गोल तोंड, आत तीन पाकळ्या, आणि शेजारी डावा वरचा कप्पा. ज्यानं हे तीन काप हातानं घेतलेत, त्याला पडद्यावरचं करडं चित्र परकं वाटत नाही.

मग निरोगी कुत्री. कॉलेजच्या आवारातली, अध्यापकांच्या घरची, लसीकरणाला आलेली, मालकाची संमती घेऊन. भूल द्यायची नाही, पाच मिनिटांपेक्षा जास्त निजवायचं नाही. उजव्या कोपराच्या मागे केस कापायचे किंवा स्पिरिटनं बसवायचे, जेल लावायचं, बोटांनी ठोका शोधायचा आणि नेमका तिथे प्रोब टेकवायचा. लहान कुत्र्याला सात ते दहा मेगाहर्ट्झ, मोठ्याला तीन ते पाच. प्रोबचं तोंड लहान हवं, कारण दोन बरगड्यांच्या फटीतून बघायचंय. आणि हाताच्या फक्त तीन हालचाली: सरकवणं, कलवणं, फिरवणं. नवखा तिन्ही एकदम करतो आणि चित्र हरवून बसतो. चांगला शिक्षक त्याचं मनगट धरून म्हणतो, एका वेळी एकच. भजन शिकवणारा बुवा नवख्याला आधी नुसता टाळ लयीत धरायला लावतो, तसंच हे. लय हाताला बसल्याशिवाय अभंग तोंडी देऊन उपयोग नसतो.

निरोगी हृदय पुष्कळ पाहणं हा या शिक्षणाचा कणा आहे. किमान वीस-पंचवीस निरोगी कुत्री प्रत्येकानं स्वतःच्या हातानं तपासावीत. त्याशिवाय ‘वाढलेलं’ म्हणजे किती हे डोळ्याला कळत नाही. पुस्तकांतली मापं बहुतेक पाश्चात्त्य जातींची असतात. आपल्याकडे लातूर-सोलापूरच्या बाजूला कारवान कुत्री आहेत, शिकारी बांध्याची, लांब पायांची. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींचं हृदय शरीराच्या मानानं मोठं असतं आणि त्यांच्यात निरोगी असतानाही सौम्य मर्मर ऐकू येतो, हे चांगलं ठाऊक आहे. ते लक्षात न घेता पुस्तकाचा आकडा लावला तर धडधाकट कुत्रा रोगी ठरेल. आणि सातपुड्याच्या पाड्यांवरचा गावठी कुत्रा? राज्यात २०१९च्या पशुगणनेनुसार १२.७६ लाख मोकाट कुत्री होती. ज्या कुत्र्यांमध्ये आपला पशुवैद्य उभा जन्म काढणार, त्यांचं निरोगी हृदय त्यानं विद्यार्थी असतानाच डोळे भरून पाहिलेलं असावं. अशी मापं गोळा करणं हे इंटर्नशिप करणाऱ्यांच्या हातून होण्यासारखं, खऱ्या उपयोगाचं काम आहे.

*

पदवीच्या विद्यार्थ्याला हृदयतज्ज्ञ करायचं नाही. डॉप्लरनं रक्ताचा वेग मोजायचा, वेगाच्या वर्गाला चारनं गुणून दाबातला फरक काढायचा, जन्मजात छिद्रं शोधायची, हे पुढचं शिक्षण आहे. त्याला वर्षं लागतात आणि लागावीत. तालुक्याच्या डॉक्टरला काही मोजकेच प्रश्न सोडवता आले पाहिजेत, पण ते छातीठोक.

पहिला, डावा वरचा कप्पा मोठा आहे का? महाधमनीच्या तोंडाचा व्यास आणि शेजारच्या कप्प्याचा व्यास, महाधमनीची झडप नुकतीच मिटली त्या क्षणी मोजायचा. कप्पा महाधमनीच्या १.६ पट किंवा जास्त भरला तर तो वाढलेला. ‘एपिक’ अभ्यासातही हीच रेषा होती. एक चूक इथे सगळे करतात. कप्प्यात येऊन मिळणारी फुफ्फुसाची शीर मापात धरतात आणि आकडा फुगतो. शिकवताना ही चूक मुद्दाम करून दाखवावी.

दुसरा, स्नायू जोरानं आवळतोय का? अळंबीच्या कापात हे डोळ्यांनाच कळतं.

तिसरा प्रश्न फुफ्फुसाचा. कोरड्या फुफ्फुसावर प्रोब ठेवला तर आडव्या, एकाखाली एक रेषा दिसतात. पाणी साठू लागलं की पृष्ठभागापासून खालपर्यंत उजळ उभ्या पट्ट्या उतरतात आणि श्वासाबरोबर हलतात. त्यांना बी-लाइन म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रेगरी लिसियांड्रो यांनी पशुवैद्यकांसाठी छातीच्या ठरावीक जागांवर हे तपासायची पद्धत बसवली, आणि ती शिकायला हृदयापेक्षा खूपच सोपी आहे. कुत्र्याला निजवावंही लागत नाही, उभ्यानं चालतं. दम लागलेल्या जनावराला आडवं न करता निदान होतं, हे केवढं मोठं आहे ते दवाखान्यात काम केलेल्याला सांगावं लागणार नाही. गोचीडतापानं किंवा पार्व्होनं मलूल झालेल्या कुत्र्याला सलाइन लावल्यावर ते जास्त होतंय का, हेही याच पट्ट्यांवरून कळतं.

आणि चौथी गोष्ट, जिच्या एकटीसाठीही हे सगळं शिक्षण सार्थकी लागेल: हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेलं पाणी किंवा रक्त. पडद्यावर ते काळंभोर कडं होऊन दिसतं आणि आत हृदय गुदमरत असतं. बाहेरून हाच रोगी कसा दिसतो? दम लागलेला, पोट फुगलेलं, नाडी बारीक. वर सांगितलेल्या गळक्या झडपेच्या रोग्याशी त्याचं पुष्कळ साम्य असतं. उपचार मात्र विरुद्ध दिशेचे. गळक्या झडपेच्या रोग्याला लघवी वाढवणारं इंजेक्शन जीव देतं. या दुसऱ्याला तेच इंजेक्शन आणखी खाली खेचतं, कारण त्याच्या हृदयाला आधीच भरायला रक्त मिळत नाही. त्याला हवी असते बरगड्यांतून घातलेली सुई आणि बाहेर काढलेलं पाणी. काही मिनिटांत कुत्रा मान वर करतो. तज्ज्ञापर्यंत न्यायला वेळ नसलेला हा रोगी आहे. नंदुरबारहून सुरत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून जास्त. जो डॉक्टर तिथे असेल, त्यालाच बघता आलं पाहिजे.

*

कुपोषणाशी अजून झगडणाऱ्या जिल्ह्यात कुत्र्याच्या हृदयाची काळजी कशाला, हा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. पाड्यावर जनावर म्हणजे पैसा. बकरी विकून दवाखान्याचं बिल भरलं जातं. कुत्रा शेळ्या-कोंबड्या राखतो, आणि तळोदा-अक्कलकुव्याच्या उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून त्या राखणीची किंमत जास्तच कळू लागली आहे. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक उत्तर उरतं. कुत्र्यावर शिकलेला हात गाईच्या कामी येतो.

गुरं चारा खाताना तार, खिळा गिळतात. तो जाळीदार पोटात अडकतो. त्या पोटापुढे पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. खिळा पुढे सरकला की हृदयाच्या पिशवीत पू होतो. मानेची शीर दोरखंडासारखी तट्ट होते, छातीपुढच्या पोळीत पाणी उतरतं, गाय उतार चालायला नकार देते. कुत्र्याच्या हृदयाभोवतीचं काळं कडं ज्यानं पाहिलंय, त्याला गाईत तेच कडं, आत पुवाचे धागे, लगेच ओळखता येतं. अशी गाय बहुधा वाचत नाही. तरी निदान झालं तर शेतकरी आठवडाभर महागडी इंजेक्शनं देत बसत नाही. कर्ज काढून केलेला तो खर्च वाचणं हीसुद्धा सेवाच आहे.

वासरांचा न्यूमोनिया हे दुसरं उदाहरण. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या थेरेसा ऑलिव्हेट यांनी दाखवून दिलं की गाभण तपासायचा साधा प्रोब वासराच्या छातीवर ठेवून फुफ्फुसाचा बिघडलेला भाग बाहेर लक्षण दिसण्याआधी शोधता येतो. म्हणजे ज्या दवाखान्यात गाभण तपासणीचं यंत्र आहे, तिथे फुफ्फुस बघायची सोय झालेलीच आहे. शिकलेला हात तेवढा हवा. आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे लाखांत सौदे होतात. दात, चाल, देवमण सगळं पारखलं जातं. तिथे छातीला स्टेथोस्कोप लावणारा आणि शंका आल्यास पडद्यावर दाखवणारा पशुवैद्य उभा असेल तर घेणाऱ्याचं भलंच होईल.

*

आपल्याकडे सोनोग्राफीच्या यंत्राभोवती कायद्याचं कुंपण आहे. परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख नसतो, पण इथल्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४चा, १९९६पासून लागू, २००३ साली अधिक कडक झालेला. गर्भाचं लिंग ओळखू शकेल असं कोणतंही यंत्र नोंदणी नसलेल्याला विकता येत नाही. पोटात डोकावणारा प्रोब गाईसाठी बनवला म्हणून स्त्रीच्या पोटावर चालणार नाही असं थोडंच आहे? २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. हा आकडा डोळ्यांपुढे असताना या कायद्यात पशुवैद्यकांसाठी फट पाडा, असं मी म्हणणार नाही. यंत्राची नोंद व्हावी, प्रत्येक तपासणी वहीत उतरावी, यंत्र संस्थेच्या ताब्यात राहावं. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात यंत्र असणं हाच सरळ मार्ग आहे. खिशात मावणारे प्रोब आले म्हणून ते पाड्यापाड्यांवर फिरवायची घाई करू नये. १९६२ या क्रमांकावर बोलावल्यावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथकं आहेत. त्यांनी रोगी हेरावा आणि यंत्रापर्यंत पोहोचवावा.

शहरांत दुसरं टोक झपाट्यानं उंचावत आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४च्या जुलैत टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी मेअखेरीस दिल्लीत ज्युलिएट नावाच्या बीगल कुत्रीची गळकी मिट्रल झडप छाती न उघडता, धडधडत्या हृदयावर क्लिप लावून दुरुस्त केली गेली. अन्ननलिकेतून घातलेल्या सोनोग्राफीच्या प्रोबनं सर्जनला वाट दाखवली. हे सगळं अभिमानाचं आहे. पण तिथे पोहोचणारा प्रत्येक रोगी आधी कुठल्या तरी साध्या दवाखान्यात वेळेवर ओळखला गेलेला असतो.

नंदुरबारात ती ओळख पटवायला काय लागेल? २०२०पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हृदय माणसाचं असो की कुत्र्याचं, कप्पे चार आणि झडपा चारच. माणसांची इको करणारा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर महिन्यातून एक दुपार एकत्र बसले तर दोघांचंही शिक्षण होईल. ‘माफसू’नं इंटर्नशिपच्या वर्षात या चार प्रश्नांचा सराव प्रत्येकाला सक्तीचा करावा आणि परीक्षा लेखी न घेता टेबलापाशी, हातात प्रोब देऊन घ्यावी. नंदुरबारच्या जिल्हा नियोजन समितीनं जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयासाठी हृदयाचा प्रोब असलेलं एक नोंदणीकृत यंत्र आणि खाचेचं एक टेबल मंजूर करावं. टेबल तर गावचा सुतारही करून देईल.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी यंत्राची वाट बघायची गरज नाही. ते गाढ झोपलेलं असताना छातीचं वरखाली होणं घड्याळ लावून एक मिनिट मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या आत असायला हवा. दोन-तीन रात्री तो त्याच्या वर जाऊ लागला, तर खोकल्याचं औषध आणू नका. ते कॅलेंडर आणि कुत्रं, दोन्ही घेऊन दवाखान्यात जा.